थंडी, धुकं आणि धरणाचा काठ: आपल्या गाड्यांना टायर कोणता घ्यावा?



दिवाळी झाली की नया बाज़ारातल्या आपल्या कार्यालयात एकच प्रश्न सुरू होतो. "भाऊ, टायर झिजलेत, थंडीच्या आधी बदलायचेत, कोणते घेऊ?" कोणी मोबाईलवर बर्फात धावणाऱ्या ट्रकचा फोटो दाखवतो, कोणी जाड ठोकळ्यांच्या टायरचा. "थंडीसाठी स्पेशल लिहिलंय, मागवू का?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच इथे लिहितो आहोत. पोस्ट लांब आहे. पण टायर घ्यायच्या आधी वाचा, आणि गाडी दुसरा चालवत असेल तर त्याला वाचून दाखवा.

आधी आमची चूक सांगतो

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपताना आपली पिकअप काठावरच्या चिखलात वारंवार रुतत होती. दर वेळी ट्रॅक्टर बोलवायचा, त्याचे पैसे द्यायचे, तोवर बर्फ वितळायचा. एकदा तर रोहू आणि कटला भरलेले क्रेट दुपारपर्यंत काठावरच पडून राहिले आणि मिळेल त्या भावाने द्यावे लागले. मग बैठकीत ठरलं की चारही चाकांना मोठ्या ठोकळ्यांचे, शेतात चालतात तसे टायर टाकायचे. टाकले. दोन महिने सगळे खूश होते. गाडी चिखलातून सरळ वर यायची.

जानेवारीत मावठा झाला. पहाटेची वेळ, रस्ता ओला, वर धुकं. हायवेवर पुढे भुशाची ट्रॉली, मागे दिवा नाही, लाल पट्टीही नाही. ड्रायव्हरने ब्रेक मारला, पण गाडी थांबलीच नाही, घसरत गेली आणि ट्रॉलीच्या मागे जाऊन बसली. त्याचा डावा पाय मोडला. तीन महिने तो घरी होता. वेग साठच्या आसपास होता, तो जास्तच होता हे कबूल. पण गाडी बघायला आलेल्या मिस्त्रीने टायरवर हात फिरवला आणि एवढंच म्हणाला, "ये टायर खेत का है, सड़क का नहीं."

टायर निवडले होते आम्ही, ड्रायव्हरने नाही. तेव्हापासून एक गोष्ट आम्ही धरून आहोत: चिखलात गाडी अडकते, पण डांबरावर माणूस जातो. म्हणून टायर निवडताना गाडी जिथे जोरात धावते त्या रस्त्याचा विचार आधी, आणि जिथे रुतते त्या जागेचा नंतर. पुढचं सगळं ह्याच एका गोष्टीवर आहे.

'विंटर टायर' आपल्याला का नको

जाहिरातीत दिसतो तो विंटर टायर खोटा नाही, पण तो आपल्या हवेसाठी नाही. साधारण ७ अंशांच्या खाली पारा गेला की नेहमीच्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं आणि रस्ता धरत नाही. विंटर टायरचं रबर अशा थंडीतही मऊ राहतं. त्याच्या ठोकळ्यांवर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला पकडतात. त्याच्या अंगावर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण अशी खूण असते. ही खूण बर्फावरची चाचणी पास झालेल्या टायरलाच मिळते. नुसती इंग्रजी एम आणि एस ही अक्षरं असतील तर त्याचा अर्थ 'चिखल आणि बर्फासाठीची नक्षी' इतकाच. त्यासाठी तशी चाचणी लागत नाही. दुकानदार ही अक्षरं दाखवून विंटर टायर म्हणून विकत असेल तर सावध राहा.

जर्मनीसारख्या देशात हा कायद्याचा विषय आहे. तिथे रस्त्यावर बर्फ किंवा पाणी गोठल्याची स्थिती असेल, तर साडेतीन टनांवरच्या ट्रकला इंजिनची ताकद मिळणाऱ्या चाकांवर असे टायर लागतात, आणि जुलै २०२० पासून पुढच्या चाकांवरही. आपल्याकडे काश्मीर, लडाख, लाहौल ह्या बाजूला बर्फात गाडी न्यायची तर ड्रायव्हर लोक बहुतेक वेळा चाकांना लोखंडी साखळी लावतात आणि बर्फ संपला की काढतात. साखळी लावून कोरड्या डांबरावर पळवली तर टायरही जातो आणि साखळीही.

आता आपलं ग्वाल्हेर बघा. जानेवारीत पहाटे पारा ५-७ अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली जातो. पण दुपारी तो विसाच्या वर असतो. मे-जूनमध्ये तर ४५ च्या आसपास. विंटर टायरचं मऊ रबर ह्या उन्हात भराभर झिजेल, आणि गरम रस्त्यावर त्याचा ब्रेकही लांब लागतो. पहाटेच्या चार तासांसाठी वर्षभराचं नुकसान कशाला करायचं? आपल्या थंडीची खरी अडचण बर्फाची नाहीच. अडचणी तीन आहेत: दवाने ओला झालेला रस्ता, धुकं, आणि टायरमधली कमी झालेली हवा. तिन्हींना विंटर टायर हे औषध नाही.

आधी आपला रस्ता मोजा

टायरच्या दुकानात जाण्याआधी एक काम करा. एका फेरीत गाडी कुठे किती चालते ते कागदावर लिहा. आम्ही लिहिलं. धरणाच्या काठापासून पक्क्या रस्त्यापर्यंत दीड किलोमीटर कच्चा रस्ता, त्यातही खरा चिखल दोन-अडीचशे मीटर. बाकी सगळी फेरी डांबर किंवा सिमेंटचा रस्ता, हायवे आणि लष्करातल्या गर्दीच्या गल्ल्या. येऊन-जाऊन साठ किलोमीटरची फेरी धरली तर कच्चं किती? तीन किलोमीटर. आणि ह्या तीन किलोमीटरसाठी आम्ही उरलेले ५७ किलोमीटर चुकीच्या टायरवर गाडी चालवली!

तुमचा हिशोब वेगळा निघू शकतो. कोणाची गाडी मुरूम-दगडाच्या खदानीतही भाड्याने जाते, कोणाची कायम हायवेवर असते. जो हिशोब निघेल त्यावर पुढचं ठरवा.

नक्षी तीन प्रकारची

ट्रक-पिकअपच्या टायरची नक्षी मुख्यतः तीन प्रकारची असते.

रिब: गोल फिरत गेलेल्या सरळ लांब खाचा. गाडी सरळ चालते, स्टिअरिंग हलकं राहतं, ओल्या रस्त्यावर पाणी खाचेतून मागे निघून जातं, टायर कमी तापतो. पुढच्या चाकांना हाच हवा. चिखलात मात्र तो लगेच भरतो आणि गुळगुळीत होतो.

लग: आडवे मोठे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद मोकळ्या जागा. चिखल, मुरूम, खदान ह्यासाठी. चाक फिरलं की चिखल बाहेर फेकला जातो. पण मोकळी जागा जास्त म्हणजे डांबराला टेकणारं रबर कमी. ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब लागतो, आवाज करतो, हायवेवर तापतो आणि एका बाजूने खवल्यासारखा झिजतो.

सेमी-लग: मध्ये रिबसारख्या खाचा, कडेला ठोकळे. दोन्हीकडे 'बरा' चालणारा. पिकअप आणि छोट्या ट्रकच्या मागच्या चाकांना आपल्या कामासाठी हाच ठीक आहे. ताकद मागच्या चाकांना असते, चिखलातून वर ढकलायचं काम तीच करतात.

जीपसारख्या गाड्यांसाठी 'ऑल टेरेन' आणि 'मड टेरेन' अशी नावं ऐकायला मिळतात. पहिला साधारण सेमी-लगच्या जातीचा, दुसरा लगच्या. फोटोत मड टेरेन रुबाबदार दिसतो, तो घेण्याचं ते कारण होऊ देऊ नका.

थोडक्यात: पुढे रिब, मागे सेमी-लग. एका अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या नक्षीचे टायर कधीही नको.

नायलॉन की रेडियल?

हा वाद आपल्याकडे चहाच्या टपरीवर रोज होतो. नायलॉन टायरमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके टाकलेले असतात. त्याची बगल जाड आणि कडक. दगड लागला, पंक्चर झाला, तरी सोसतो. खदानीत, जास्त वजनात लोक म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवतात. रेडियलमध्ये दोरे सरळ आडवे जातात आणि वर स्टीलच्या पट्ट्यांचा थर असतो. बगल मऊ, म्हणून तिला टोकदार दगड लवकर लागतो. पण रस्त्याला तो सपाट टेकतो, कमी तापतो, जास्त किलोमीटर चालतो, डिझेलही थोडं वाचतं आणि ओल्यात ब्रेक चांगला लागतो.

आपली बहुतेक फेरी पक्क्या रस्त्यावर आहे, म्हणून आम्ही रेडियलच्या बाजूने आहोत. फक्त त्याची बगल फुगीर दिसते, हवा कमी आहे का ते डोळ्याला कळत नाही. गेज लावल्याशिवाय रेडियलवर भरवसा ठेवू नका. आणि एका अ‍ॅक्सलवर एक नायलॉन, एक रेडियल असं करू नका. वळणावर दोन्ही वेगळे वागतात आणि गाडी ओढते.

टायरच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचा

इंग्रजी येत नसलं तरी आकडे सगळ्यांना वाचता येतात.

साईज: उदाहरणार्थ १०.०० आर २०. म्हणजे रुंदी १० इंच, रेडियल, रिम २० इंचाची. गाडीला कंपनीने दिलेलीच साईज घ्या. रुंद टाकला की दिसायला भारी, पण वळताना घासतो.

वजनाचा आकडा: ट्रकच्या टायरवर १४६/१४३ असं लिहिलेलं असेल तर पहिला आकडा एकट्या चाकाचा, दुसरा जोडचाकाचा. १४६ म्हणजे ३,००० किलो, १४३ म्हणजे प्रत्येकी २,७२५ किलो. पुढचं अक्षर वेगाचं. के म्हणजे ताशी ११०, एल म्हणजे १२०. 'प्लाय १६' लिहिलं म्हणजे आत खरोखर १६ थर आहेत असं नाही. ती ताकदीची जुनी मोजणी आहे.

तारीख: चार आकडे एका चौकोनी-लांबट खाचेत. ३६२४ म्हणजे २०२४ सालचा ३६वा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षं पडलेला टायर 'नवा' म्हणून घेऊ नका. आपल्या गाड्या फार चालत नाहीत पण उन्हात उभ्या असतात, त्यामुळे नक्षी शिल्लक असतानाच बगलेला तडे जातात. पाच वर्षं झाली की दर वर्षी जाणकाराला दाखवा. स्टेपनीची तारीखही बघा, ती सगळ्यात जुनी निघते.

आयएसआय: आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या टायरला ही खूण लागते. ट्रक-पिकअपसाठी मानक क्रमांक आयएस १५६३६. खूण नसेल तर कितीही स्वस्त असो, नको. शिवाय २०२२ मध्ये केंद्र सरकारने टायरचा रस्त्यावरचा आवाज, ओल्या रस्त्यावरची पकड आणि फिरताना लागणारा जोर ह्यांची किमान मानकं ठरवणारी अधिसूचना काढली. तेव्हा नव्या बनावटीचा टायर घेणं आपल्या फायद्याचं. बिल जीएसटीसहित घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. बिल नसेल तर टायर फुगल्यावर कंपनी दाद देणार नाही.

माशाचं वजन सगळे धरतात, बाकीचं कोणी धरत नाही

टायर फुटतो तेव्हा आपण टायरला शिव्या देतो. पण एकदा वजन जोडून बघा. ३० क्रेट, प्रत्येकात मासे आणि बर्फ मिळून ३५ किलो, झाले १,०५० किलो. थर्मल पेटी अडीचशे किलो धरा. ड्रायव्हर आणि दोन माणसं दोनशे किलो. झाले दीड टन. आणि आपण म्हणतो 'गाडीत एक टन माल आहे'. आरसीवर गाडीचं रिकामं आणि भरलेलं वजन लिहिलेलं असतं. दोन्हींतला फरक हीच तुमची मर्यादा, आणि पेटीचं वजन त्यातूनच जातं. थंडीत बर्फ कमी लागतो ही चांगली गोष्ट आहे, पण त्या जागी आणखी चार क्रेट चढवले तर फायदा काय?

थंडीत हवा आपोआप कमी होते

ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात स्वस्त. गार झाली की हवा आकसते. समजा तुम्ही ऑक्टोबरमधल्या दुपारी ३५ अंशांत ट्रकच्या टायरमध्ये ११० पीएसआय भरली. जानेवारीच्या पहाटे ५ अंशांत तीच हवा साधारण ९८ भरेल. पंक्चर नाही, वॉल्व्ह गळत नाही, तरी १२ पीएसआय गेली. पिकअपच्या मागच्या टायरमध्ये ६५ असेल तर ती ५७ वर येते. त्यात हळूहळू झिरपणारी हवा वेगळीच.

कमी हवेचा टायर बगलेतून वाकतो, आतून तापतो. जितकी हवा हवी तिच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी हवेवर टायर चालला असेल तर त्याला रिकामा चालला असंच समजतात. म्हणजे तो उतरवून आतून तपासायचा, वरून हवा भरून पुढे जायचं नाही. कारण आतली तार तुटलेली असू शकते आणि हवा भरताना टायर फुटू शकतो. त्यात माणसं जखमी होतात, मरतात.

नियम साधे आहेत:
- हवा पहाटे, गाडी निघण्याआधी, टायर गार असताना तपासा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर आठवड्याला.
- गाडी चालून आल्यावर हवा वाढलेली दिसते. ती जास्त आहे म्हणून सोडू नका. गार झाल्यावर कमी पडेल.
- किती भरायची तो आकडा गाडीच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल असतो.
- जोडचाकातल्या आतल्या टायरची हवा बघायला सगळे कंटाळतात. तोच आधी फुटतो. आतल्या चाकाला लांब वॉल्व्ह लावून घ्या.
- वॉल्व्हची टोपी लावा. चिखलाचा कण आत गेला की हवा झिरपते.

नक्षी किती उरली?

मोटार वाहन नियमांप्रमाणे चारचाकी आणि ट्रकच्या टायरची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. टायरच्या खाचांमध्ये तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण हे कायद्याचं टोक आहे. दवाने ओल्या रस्त्यावर, धुळीचा आणि तेलाचा पातळ लेप असताना, आम्ही ३ मिलिमीटरवरच बदलतो. खोली मोजायची पट्टी कार्यालयात ठेवली आहे, कोणीही येऊन मोजून घ्यावं.

झीज काय सांगते तेही बघा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. मधोमध झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर अलाइनमेंट बघा. नवे टायर टाकून जुनी अलाइनमेंट ठेवली तर पैसे पाण्यात.

धुक्यात टायर काय करू शकत नाही

हवामान खातं ५० ते २०० मीटर दिसत असेल तर दाट धुकं म्हणतं, आणि ५० मीटरच्याही आत असेल तर अतिदाट. आपल्याकडे डबरा-झाशीच्या बाजूला किंवा शिवपुरीकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा-मुंबई रस्त्यावर पहाटे दोन्ही भेटतात.

आता हिशोब करा. पुढचं दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. ताशी ६० च्या वेगाने तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. मग ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी ४० मीटर. एकूण ६५. आणि दिसतंय फक्त ५०! ताशी ४० ने हेच अंतर ३५ मीटरच्या आसपास येतं. म्हणजे पुढे उभी ट्रॉली असली तरी वाचायला जागा राहते. हा हिशोब चांगल्या टायरचा आहे. घासलेल्या किंवा लग टायरला ह्याहून जास्त लागेल.

टायर कितीही महागाचा असो, तो नजर वाढवत नाही. लिलाव अर्धा तास चुकला तर भाव थोडा पडेल, तो संस्था बघून घेईल. धुक्यात उशीर झाला म्हणून आता कोणालाही बोल लावला जात नाही.

काठावर उतरताना

रब्बीला कालव्यात पाणी सुटलं की धरणाचा काठ मागे मागे सरकतो. काल जिथे पाणी होतं तिथे आज वरून वाळलेली पापडी आणि खाली लोण्यासारखा गाळ. तिघरा असो की हरसी, सगळीकडे हेच. ह्या गाळात भरलेली गाडी कोणत्याही टायरने रुतते. म्हणून:

- आधी पायी चालून बघा. टाच दोन इंच आत गेली तर गाडी नेऊ नका.
- रिकामी गाडी उताराला उलटी लावा, म्हणजे भरल्यावर तोंड वर असेल.
- गाडीत दोन जाड फळ्या, रिकामी पोती, फावडं आणि ओढायचा दोर कायम ठेवा.
- चाक फिरायला लागलं की रेस देऊ नका. चाक खड्डा खणतं. थांबा, समोरचा गाळ काढा, फळी टाका.
- पिकअपची हवा थोडी कमी केली तर चाक पसरतं आणि निघतं, हे खरं. पण हे फक्त काठावर, अगदी हळू, आणि वर आल्यावर लगेच परत भरायची. हवा भरायचा पंप सोबत नसेल तर कमी करू नका. भरलेल्या ट्रकची तर अजिबात नको.
- हायवेला लागण्याआधी उतरून चाकं बघा. चिखल भरलेला टायर पहिला किलोमीटर ब्रेक धरत नाही. जोडचाकाच्या मध्ये दगड अडकला असेल तर तो काढा. वेगात तो सुटला तर मागच्याची काच फोडतो, नाही सुटला तर दोन्ही टायर कापतो.

रिमोल्ड, कटिंग आणि जुने टायर

रिमोल्ड वाईटच असतो असं नाही. चांगल्या कारखान्यात केलेला, आतला सांगाडा शाबूत असलेला टायर मागच्या चाकांना चालतो. पुढच्या चाकांना मात्र नको. पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही.

झिजलेल्या टायरवर गरम ब्लेडने नव्या खाचा पाडून देतात, ती कटिंग फक्त त्याच टायरवर चालते ज्यावर कंपनीने तशी परवानगी छापलेली असते. बाकी टायरवर कटिंग म्हणजे तारेपर्यंत जाऊन पोहोचणं.

जोडचाकात एक नवा, एक जुना लावू नका. उंच टायर सगळं वजन उचलतो, बुटका नुसता घासत जातो. दोघंही लवकर संपतात. बगलेत पंक्चर असेल तर तो टायर दुरुस्त होत नाही, कोणी करून दिला तरी घेऊ नका.

किंमत बघताना दुकानातला आकडा बघू नका, किलोमीटरचा बघा. उदाहरण: १२,००० चा टायर ४०,००० किलोमीटर चालला तर किलोमीटरला ३० पैसे. ९,००० चा २५,००० चालला तर ३६ पैसे. कोणता स्वस्त? टायर टाकला त्या दिवशी मीटरचा आकडा वहीत लिहिला तरच हे कळेल.

कोकणातल्या आपल्या लोकांसाठी दोन ओळी

हे पान तिकडचे नातेवाईक आणि मासेमार बांधवही वाचतात. तुमच्याकडे धुक्यापेक्षा पाऊस आणि घाट मोठा. आंबा घाट, कुंभार्ली घाट चढणाऱ्या गाडीला पुढे खोल खाचांचा रिब हाच आधार. किनाऱ्यावरच्या सुक्या वाळूत लग टायर उलटा खोदत जातो, तिथे नक्षीपेक्षा हवा थोडी कमी करून हळू जाणं कामाला येतं. आणि खाऱ्या पाण्यातून आलात तर रिम आणि नट गोड्या पाण्याने धुवा. गंजलेल्या रिमवर ट्यूबलेस टायर हवा धरत नाही.

आपल्या संस्थेने काय ठरवलं

पिकअपचे ते चारही लग टायर काढले. पुढे रिब, मागे सेमी-लग, सगळे रेडियल. आणि खरं काम केलं ते काठावर. चिखलाच्या त्या दोन-अडीचशे मीटरवर सभासदांनी श्रमदान करून मुरूम आणि दगड टाकले. पाणी आणखी मागे सरकलं की गाडी मुरुमावरच उभी राहते आणि क्रेट डोक्यावरून वर येतात. त्रास आहे, पण गेल्या हंगामात ट्रॅक्टर एकदाही बोलवावा लागला नाही. चिखलाचा उपाय टायरच्या दुकानात शोधत होतो, तो काठावरच होता.

ड्रायव्हर बरा होऊन परत कामावर आला आहे. रोज पहाटे निघण्याआधी तो स्वतः गेज घेऊन सहाही टायर बघतो, पिकअपचे चार, स्टेपनी, आणि शेजारी उभ्या असलेल्या गाडीचाही एखादा. कोणी हसलं तर हसू देतो.

तुमच्या गाडीच्या टायरची साईज, तारीख आणि उरलेली नक्षी ह्यांचे फोटो काढून कार्यालयात घेऊन या. टायर घेण्याआधी या, नंतर नको. एकत्र घेतले तर दुकानदाराशी भावाचंही बोलता येईल.

जपून चालवा. मासा उद्याही मिळेल.

आपले,
संस्था कार्यालय, नया बाज़ार, लष्कर, ग्वाल्हेर